ठाण्याच्या आकाशाला जुळणारा तारे-कोपरा: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

ठाण्यातल्या एका शाळेची वरच्या मजल्यावरची खोली मिळाली आहे. बारा बाय पंधरा फूट, दोन खिडक्या, तीन प्लग. इथे चार साधनं उभी करायची आहेत: सप्तर्षींची पेटी, नॉब फिरवून चालणारा आकाशाचा पडदा, तापमान आणि रंग यांचं नातं दाखवणारा दिवा, आणि घरी नेता येईल असं कागदी तारकाचक्र (तारीख आणि वेळ जुळवली की तेव्हाचं आकाश दाखवणारी फिरती चकती).

चारही साधनांना कसोटी एकच. दिवसा इथे जे पाहिलं, ते रात्री ठाण्याच्याच गच्चीवरून ओळखता आलं पाहिजे. बाजारातले बहुतेक नकाशे आणि चक्रं ४० ते ५० अंश अक्षांशांसाठी केलेली असतात. ठाणे १९.२ अंश उत्तरेला आहे. इथे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर असतो (हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश) आणि दक्षिणेला अगस्त्य तारा आरामात दिसतो. परदेशी चक्र हातात दिलं की पहिल्याच रात्री ते खोटं ठरतं, आणि त्याबरोबर शिकणाऱ्याचा धीरही सुटतो.

११ जानेवारी: पेटीचं गणित

एका नक्षत्रातले तारे एकमेकांच्या शेजारी नसतात, ते आपल्यापासून वेगवेगळ्या अंतरांवर असतात. पेटीतून फक्त एवढंच कळायला हवं. पुढच्या भोकातून एका डोळ्याने पाहिलं की ओळखीचा आकार दिसावा, बाजूच्या खिडकीतून पाहिलं की तो मोडावा.

आधी मृग नक्षत्र घ्यायचा विचार होता. पण त्यातल्या बऱ्याच ताऱ्यांची अंतरं निरनिराळ्या मोजणींत खूप वेगळी येतात. पट्ट्यातल्या मधल्या ताऱ्याचीच गोष्ट घेतली तर फरक शेकडो प्रकाशवर्षांचा आहे. असं अंतर पाटीवर लिहायचं तरी कसं? सप्तर्षींचे तारे जवळचे आहेत आणि हिप्पार्कस उपग्रहाच्या मोजणीमुळे त्यांची अंतरं भरवशाची आहेत: क्रतु १२३ प्रकाशवर्षं, मरीची १०४, आणि मधले पाच ८० ते ८३ च्या दरम्यान. हे पाच खरोखरच एकत्र प्रवास करणारे तारे आहेत. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड प्रॉक्टर यांनी १८६९ मध्ये ते ओळखलं होतं. म्हणजे एकाच पेटीत दोन गोष्टी दिसतात: कोण खरे सोबती आणि कोण नुसते मागे उभे.

प्रमाण: १ सेंटीमीटर = १ प्रकाशवर्ष. हे प्रमाण बदलू नका. मुलं टेप लावून मोजतात आणि आकडा थेट प्रकाशवर्षांत वाचतात.

१४ जानेवारी: प्लायवुड

क्रतु डोळ्यापासून १२०.६ सेंटीमीटर लांब येतो, म्हणून पेटी १२५ सेंटीमीटरची धरली होती. आठ बाय चारचा प्लाय २४४ बाय १२२ चा असतो, त्यात १२५ चे दोन तुकडे एकापुढे एक बसत नाहीत. दुसरा प्लाय आणायच्या आधी एक गोष्ट लक्षात घेतली. डोळ्याची बाहुली भोकाला चिकटलेली नसते, ती साधारण दीड सेंटीमीटर मागे असते. सगळी अंतरं डोळ्यापासून मोजायची, म्हणजे क्रतु पेटीच्या पुढच्या कडेपासून ११९.१ वरच येतो. पेटी १२२ ची पुरते.

पेटीचं बाहेरचं माप १२२ × ६० × ४०. एका ६ मिलिमीटरच्या प्लायमध्ये ती पूर्ण बसते. अर्ध्या भागातून ६० रुंदीच्या दोन पट्ट्या, उरलेल्या अर्ध्यातून ४० रुंदीच्या तीन. तिसऱ्या पट्टीतून पुढची-मागची झाकणं निघतात. करवतीचं पातं दर कापाला साधारण ३ मिलिमीटर खातं, तेवढी जागा सुटते. वागळे इस्टेटमध्ये कापून घेतलं. प्लाय आणि कटिंग मिळून १,९०० रुपये.

१९ जानेवारी: ताऱ्यांच्या जागा

भोक पुढच्या झाकणाच्या बरोबर मध्यावर. मापं त्या मध्यरेषेपासून, सेंटीमीटरमध्ये. शेवटचा आकडा उजळपणाचा, ४०९५ पैकी. तो कुठून आला ते पुढे १ फेब्रुवारीच्या नोंदीत आहे.

क्रतु: डावीकडे १९.०, खाली १५.०, डोळ्यापासून १२०.६, उजळपणा ४०९५
पुलह: डावीकडे १४.८, खाली २.६, डोळ्यापासून ७८.३, उजळपणा १००८
पुलस्त्य: डावीकडे ५.६, वर ३.१, डोळ्यापासून ८३.०, उजळपणा १०२९
अत्रि: डावीकडे ०.९, खाली १.५, डोळ्यापासून ८०.५, उजळपणा ४३२
अंगिरस: उजवीकडे ६.८, खाली ०.४, डोळ्यापासून ८२.३, उजळपणा १८८१
वसिष्ठ: उजवीकडे १३.१, मध्यावर, डोळ्यापासून ८१.९, उजळपणा १४७८
मरीची: उजवीकडे २५.२, वर ८.१, डोळ्यापासून १००.५, उजळपणा २७३९

हा आकार पुस्तकातल्या चित्राच्या उलटा दिसेल. पुस्तकात उत्तर वर असते, त्यामुळे चौकोनाचं तोंड वर उघडतं. ठाण्यातून एप्रिल-मेमध्ये रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड केलं तर सप्तर्षी ध्रुवाच्या वर असतात. तेव्हा उत्तर दिशा खाली, ध्रुवाकडे येते, चौकोन पालथा होतो आणि शेपूट उजवीकडे जाते. पहिला आराखडा उत्तर वर धरून काढला होता, तो या कसोटीवर टिकला नाही. डावी-उजवी आणि वर-खाली दोन्ही एकदम पालटा. एकच पालटलं तर आरशातला सप्तर्षी तयार होतो, आणि तो कोणत्याच रात्री दिसत नाही. भोक मध्यावर असल्यामुळे पेटी उलटी ठेवूनही चालते. दुसऱ्या ऋतूत ती फिरवता येईल.

२५ जानेवारी: दोऱ्याऐवजी आरे

काळ्या दोऱ्याने एलईडी टांगून पाहिले. पेटीला कोपर लागलं की सगळे तारे मिनिटभर झुलतात, आणि पेटी उलटी करायची म्हटली तर दोरा कामाचाच नाही. सायकलचे जुने आरे उत्तम निघाले: २ मिलिमीटर जाड, ताठ, सायकलच्या दुकानात मूठभर पन्नास रुपयांत. प्रत्येक तारा ज्या बाजूच्या जवळ आहे त्या बाजूने आरा आत घ्या. क्रतुचा आरा तळातून घेतला तर पाच सेंटीमीटरच बाहेर राहतो, छतातून घेतला तर पस्तीस आणि टोक थरथरतं. दोन घटकांच्या इपॉक्सीने आरे बसवले. ग्लू-गनचा गोंद इथे नको, लांब दांड्याच्या वजनाने तो हळूहळू सरकतो.

वायरिंगला मोटर वाइंडिंगची बारीक तांब्याची तार, आऱ्याला गुंडाळून. तिच्यावर वार्निशचा थर असतो. तो ब्लेडने खरवडल्याशिवाय डाख (सोल्डर) धरत नाही. वरून जोड चकचकीत दिसतो आणि आत संपर्कच नसतो. दोन तारे याच कारणाने कधी लागत, कधी विझत. पेटी बंद करण्याआधी प्रत्येक जोड मल्टिमीटरने तपासा.

१ फेब्रुवारी: उजळपणा

प्रत्येक दिव्याला ताऱ्याच्या खऱ्या तेजाच्या प्रमाणात प्रकाश दिला, की अंतरामुळे होणारी घट पेटी स्वतःच करते. प्रत म्हणजे ताऱ्याच्या उजळपणाचा आकडा; एका प्रतीचा फरक म्हणजे २.५१२ पट. क्रतु १.७९ आणि अंगिरस १.७७ प्रतीचा, म्हणजे आकाशात दोघे जवळपास सारखे. पण क्रतु दीडपट लांब आहे, म्हणून त्याच्या दिव्याला अंगिरसाच्या दुपटीहून जास्त प्रकाश लागतो. वरचे आकडे असे आले आहेत. जुळणी तपासायची सोपी रीत: भोकातून पाहताना क्रतु आणि अंगिरस सारखे दिसले पाहिजेत आणि अत्रि सगळ्यांत मंद.

आर्डुइनो ऊनोवर (दिवे चालवायचा, प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) उजळपणा कमी-जास्त करता येतील अशा पिना सहाच असतात, तारे सात. त्यामुळे १६ चॅनेलचा पीसीए-९६८५ बोर्ड घेतला, ३८० रुपये. त्याच्या ४०९६ पायऱ्या मिळतात हा खरा फायदा, कारण मंद दिव्यांना २५६ पायऱ्या अपुऱ्या पडतात. बोर्डवर आधीपासून २२० ओहमचे रेझिस्टर असतात, पण एवढ्यावर एलईडी डोळ्यात घुसतात. प्रत्येक चॅनेलला वरून १० किलो-ओहम जोडला तेव्हा ताऱ्यासारखा प्रकाश आला. बोर्डची वारंवारता १,००० हर्ट्झच्या वर ठेवा. कमी ठेवली तर मोबाईलच्या व्हिडिओत तारे लुकलुकतात आणि लोक त्यालाच तारे चमकणं समजतात.

५ फेब्रुवारी: एलईडी पुन्हा बदलले

५ मिलिमीटरचे पारदर्शक एलईडी तीन कारणांनी बाद. पहिलं, त्यांचा झोत अरुंद असतो. भोकाच्या दिशेने नेम थोडा चुकला की तारा मंद, आणि बाजूच्या खिडकीतून तर काळोखच. दुसरं, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून झोत पसरवला, तरी ८० सेंटीमीटरवर ५ मिलिमीटरची टिकली चंद्राच्या दोन-तृतीयांश रुंदीची दिसते. तारा ठिपका हवा, थाळी नव्हे. तिसरं कारण अरुंधतीचं. महाराष्ट्रात सप्तर्षी म्हटलं की वसिष्ठाशेजारची अरुंधती विचारणार हे नक्की, आणि पेटीत ती वसिष्ठापासून अवघ्या २.८ मिलिमीटरवर येते. दोन जाड एलईडी तिथे मावतच नाहीत.

०६०३ मापाचे एसएमडी (पाय नसलेले, चपटे) एलईडी, तार जोडूनच मिळतात ते, ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर १५ रुपयांना एक. १.६ बाय ०.८ मिलिमीटर. घासणं नाही, नेम नाही. हे पुढच्याच बाजूला प्रकाश टाकतात, म्हणून भोक आणि बाजूची खिडकी यांच्या मधल्या दिशेला तोंड करून बसवा. क्रतुसाठी उबदार पांढरा (तो नारिंगी राक्षसी तारा आहे), बाकीच्यांना थंड पांढरा. उबदार एलईडी थोडा मंद निघतो; सगळ्यांना समान १० किलो-ओहम न ठेवता क्रतुला ८.२ लावला. अरुंधतीचा उजळपणा २३८, वसिष्ठाच्या उजवीकडे.

पहिल्यापासून ०६०३ घेतले असते तर आठवड्याचं काम वाचलं असतं. ही नोंद वाचून करणाऱ्यांनी थेट तिथूनच सुरुवात करावी.

९ फेब्रुवारी: भोक आणि आतला काळा रंग

८ मिलिमीटरच्या भोकातून मरीची आणि क्रतु कापले जात होते. कारण भोकाच्या आकारात नाही इतकं प्लायच्या जाडीत आहे: ६ मिलिमीटरची जाडी नळीसारखं काम करते. भोक १२ मिलिमीटर केलं आणि आतली कड कानशीने तिरकी घासली. मरीची मध्यरेषेपासून १५ अंश बाजूला आहे, एवढ्याने तो पूर्ण दिसतो.

काळा ऑइल पेंट मॅट म्हणून विकतात, पण तिरक्या नजरेने तो चकाकतो. तळावर सात खोटे तारे उमटले. फळ्याचा रंग त्याहून बरा, पण समाधान काळ्या मखमलीनेच झालं. ३ मीटर लागली. आरेही मार्करने काळे केले.

१४ फेब्रुवारी: शहराचा उजेड

ठाण्यातून धुरकट रात्री अत्रि दिसतच नाही, त्याची प्रत ३.३१ आहे. सात ऋषी शिकून गेलेला माणूस गच्चीवर सहाच मोजतो. तेव्हा पेटीला ‘शहराचा उजेड’ नावाचा नॉब हवाच.

पेटीत एलईडी पट्टी लावून पाहिली. तारे बुडाले नाहीत, उलट आरे, वायरी, धूळ सगळं उजळलं. उजेड पेटीत नको, डोळा आणि तारे यांच्या मध्ये हवा, हवेतल्या धुळीचा उजेड असतो तसा. भोकाच्या लगेच मागे ३ मिलिमीटर पारदर्शक ॲक्रिलिकचा ६ × ८ सेंटीमीटरचा तुकडा ४५ अंशांत उभा केला. त्याच्या बाजूला पांढरं कार्ड आणि त्या कार्डावर एक उबदार एलईडी. कार्डाचं फिकट प्रतिबिंब सगळ्या दृश्यावर पसरतं आणि तारे त्यातून आरपार दिसतात. नॉब फिरवला की आधी अरुंधती जाते, मग अत्रि, मग पुलह आणि पुलस्त्य. ॲक्रिलिकवर बोटाचा ठसा उमटला की तो चमकतो. बसवताना हातमोजे घाला आणि मागून झाकणाला छोटं दार ठेवा.

सगळ्या कोपऱ्यात लोकांचे हात सर्वांत जास्त या नॉबवर जातील असा अंदाज आहे. म्हणून इथे प्लास्टिकचा नाही, धातूच्या दांड्याचा पोटेन्शिओमीटर (फिरवून कमी-जास्त करायचा रोध) लावला.

२२ फेब्रुवारी: आकाशाचा पडदा

स्टेलेरियम हे आकाश दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर, रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर, २२ इंची जुन्या मॉनिटरवर. टचस्क्रीन भाड्याने आणून पाहिला आणि परत केला. लोक चिमटीने आकाश मोठं करत करत एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यात जातात आणि तिथून परतीची वाट सापडत नाही. आता पडद्याला स्पर्श नाही, माऊस नाही. दोन नॉब फक्त: एक तासाचा, एक दिवसाचा.

नॉब म्हणजे रोटरी एन्कोडर (किती खाचा फिरलं ते कळवणारे), प्रो मायक्रो बोर्डला जोडलेले. ऊनो सरळ कीबोर्ड म्हणून ओळख देत नाही, प्रो मायक्रो देतो. बरोबरचं चिन्ह दाबल्यावर स्टेलेरियम एक दिवस पुढे जातं, वजाचं चिन्ह एक दिवस मागे, कंट्रोलसह तीच बटणं तासाने. तासाच्या नॉबला २४ खाचांचा एन्कोडर मुद्दाम शोधला: एक पूर्ण फेरा म्हणजे एक दिवसरात्र. २० खाचांचा सहज मिळतो, पण फेरा संपतो आणि दिवस संपत नाही.

या जोडीने एक गोष्ट हाताला कळते. दिवसाचा नॉब १५ खाचा पुढे, तासाचा एक खाच मागे: आकाश होतं तिथेच. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात हे वाक्य त्यानंतर पाठ करावं लागत नाही.

पडदा सुरू होताना आजची तारीख आणि रात्रीचे साडेआठ दाखवतो, कारण येणारे बहुतेक दुपारी येतात.

२ मार्च: गच्चीचं क्षितिज

स्टेलेरियममधलं ठरलेलं क्षितिज परदेशी कुरणाचं आहे. त्याजागी शाळेच्या गच्चीवरून काढलेला ३६० अंशांचा पॅनोरामा घातला: पश्चिमेला येऊरचा डोंगर, आग्नेयेला पारसिक-मुंब्र्याकडची डोंगररांग, उत्तरेला घोडबंदर रोडच्या बाजूचे टॉवर. आकाशाचा भाग खोडून पारदर्शक पीएनजी केली. केबल आणि अँटेना खोडत बसू नका, त्या राहिल्या की गच्ची लगेच ओळखू येते.

दिशा जुळवायला मोबाईलचं होकायंत्र चाललं नाही. गच्चीवरच्या सळया आणि टाक्यांजवळ ते दर चार पावलांना वेगळं सांगतं. पॅनोरामात सूर्य येईल असा फोटो घ्या, वेळ मिनिटापर्यंत लिहून ठेवा, स्टेलेरियममध्ये त्या क्षणी सूर्याचा दिगंश (उत्तरेपासून क्षितिजावर मोजलेला कोन) पाहा आणि चित्र तेवढं फिरवा.

जुळवल्यावर दिसलं की ध्रुवतारा एका टॉवरच्या मागे जातो. हे बरोबर आहे. १९ अंश उंचीचा तारा झाकायला गच्चीपेक्षा ९५ मीटर उंच इमारत पावणेतीनशे मीटरच्या आत असली की पुरते. पडद्याखाली पाटी लावली: गच्चीच्या दुसऱ्या टोकाला जा, तिथून ध्रुव मोकळा आहे.

१६ मार्च: घड्याळ

पडद्यावर अष्टमीचा चंद्र आणि बाहेर जवळपास पौर्णिमेचा. रास्पबेरी पाय ४ ला स्वतःचं बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. इंटरनेट असेल तर ते वेळ तिथून घेतं. वरच्या मजल्यावर शाळेचं वायफाय पोचत नाही. त्यातच वीज अचानक गेल्यावर मेमरी कार्ड खराब होऊ नये म्हणून कार्ड फक्त-वाचण्याच्या स्थितीत ठेवलं होतं. त्यामुळे बंद होतानाची वेळही जपली जात नव्हती, आणि रोज सकाळी तीच जुनी तारीख. एका दिवसात तारे अंशभरच सरकतात, म्हणून ते ओरडून सांगत नाहीत. चंद्र तेरा अंश सरकतो, तो सांगतो.

डीएस-३२३१ घड्याळाचा बोर्ड, १५० रुपये, सोबत सीआर-२०३२ सेल. जोडल्यावर कॉन्फिग फाईलमध्ये या घड्याळाची ओळ घाला, आणि बंद होतानाची वेळ जपून घड्याळाचं काम भागवणारी सेवा काढून टाका, नाहीतर सुरू होताना दोघांत गोंधळ होतो. कार्डाचं संरक्षण हे सगळं झाल्यावरच पुन्हा चालू करा. महिन्यातून एकदा पडद्यावरचा चंद्र खऱ्या चंद्राशी ताडून पाहणं पुरेसं आहे.

२३ मार्च: रंगाचा दिवा

रंगीत एलईडीने ताऱ्याचे रंग दाखवता येतात, पण तो नुसता देखावा होतो. खरी तापलेली वस्तू हवी. गाडीचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब, १२ व्होल्टचा डिमर आणि समोर दर मिलिमीटरला ५०० रेघांची विवर्तन फिल्म (प्रकाशातले रंग पट्ट्यात वेगळे करणारी). घरगुती विजेवरचा बल्ब मुलांच्या हाताशी ठेवायचा नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

बल्ब एकाच तंतूचा आणि साध्या काचेचा घ्या. इंडिकेटरच्या बल्बला पिवळा लेप असतो. ब्रेकलाइटचा बहुधा दोन तंतूंचा असतो आणि त्याच्या बाजूच्या खिळ्या खाली-वर असल्याने साध्या होल्डरमध्ये तो बसत नाही. २ अँपिअरचा अडॅप्टर सुरू करताच झटके देत बंद पडायचा. बल्बला चालताना पावणेदोन अँपिअरच लागतात, पण थंड तंतूचा रोध फार कमी असल्याने पहिल्या क्षणी कित्येक पट प्रवाह ओढला जातो. ५ अँपिअरच्या अडॅप्टरने प्रश्न मिटला. बल्बभोवती जाळी आणि वर धूर जायला असते तशी मोकळी फट ठेवा, काच चटका देण्याइतकी तापते.

डिमर कमी करत गेलं की पट्ट्यातून आधी जांभळा जातो, मग निळा, मग हिरवा. शेवटी लालच उरतो. इथे जवळजवळ प्रत्येक जण अडखळतो, कारण बाथरूमच्या नळावर लाल म्हणजे गरम असतं. म्हणून डिमरच्या नॉबवर शब्द नाहीत. दोन टोकांना ‘थंड’ आणि ‘तप्त’ अशा पाट्या आधी लावल्या होत्या, त्या काढल्या. आता बल्बजवळ हात नेऊनच कळतं.

भिंतीवर पट्टी: काक्षी (मृगातला तांबडा तारा) साधारण ३,६०० केल्विन, स्वाती ४,३००, सूर्य ५,७७२, व्याध ९,९४०, राजन्य (मृगातला निळसर तारा) १२,०००, चित्रा २५,०००. सर्वांत खाली हा बल्ब, २,८०० च्या आसपास. म्हणजे बल्बची वात पूर्ण तापली तरी काक्षीपर्यंत पोचत नाही. हे पट्टीवर ठळक लिहिलं आहे, नाहीतर बल्बचा पांढरटपणा सूर्याचा समजला जातो.

रात्रीच्या जोडीसाठी एप्रिल सोयीचा: नऊनंतर पूर्वेला स्वाती आणि चित्रा दोन्ही वर आलेले असतात. एक केशरी, एक निळसर पांढरा. शेजारी-शेजारी पाहिल्याशिवाय रंग डोळ्याला पटत नाहीत.

६ एप्रिल: कागदी तारकाचक्र

१९ अंशांसाठी क्षितिजाची खिडकी अंडाकृती येत नाही, जवळपास अर्धवर्तुळ येते. केंद्र उत्तर ध्रुव, ०.६ मिलिमीटर म्हणजे १ अंश. केंद्रापासून क्षितिजाचं अंतर: दक्षिणेला ९६.५ मिलिमीटर, दक्षिणेपासून ४५ अंशांवर ९२.३, ७५ वर ७६.०, ९० वर ५४, १०५ वर ३२.०, १३५ वर १५.७, उत्तरेला ११.५. हे अंश चक्राच्या केंद्राभोवती मोजायचे, होकायंत्रावरचे नव्हेत. बिंदू जोडा, खिडकी तयार. ए-४ कागदात बसते. दक्षिणेचे तारे मात्र फार ताणले जातात, वृश्चिक ओळखू येत नाही. मागच्या बाजूला दक्षिण ध्रुव केंद्र धरून दुसरं चक्र छापलं, मग प्रश्न सुटला.

वेळेची कड ३८ मिनिटांनी सरकवावी लागते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, ठाणे ७३ वर. साडेनऊ अंशांचा फरक, दर अंशाला चार मिनिटं. हे न केलेली चक्रं इथे सतत अर्ध्या तासाहून जास्त पुढचं आकाश दाखवतात. तारखेच्या कडेवर एका दिवसाला साधारण १.७ मिलिमीटर मिळतात, म्हणून खुणा पाच-पाच दिवसांनी.

झेरॉक्सवाल्याकडे दोन्ही कागद शंभर टक्क्यांवर काढायला सांगा. ‘पानात बसव’ चालू राहिलं तर एक कागद ९६ टक्क्यांवर येतो आणि खिडकी ताऱ्यांशी जुळत नाही. लॅमिनेशन करू नका, चक्रं एकमेकांना चिकटतात. ३०० जीएसएम कार्डशीट, मध्ये चपलेला लावतात तसा पितळी आयलेट. एका चक्राला ११ रुपये.

१९ एप्रिल: उघडल्यानंतर

पेटीचं भोक ११० सेंटीमीटर उंचीवर. मोठ्यांना वाकावं लागतं म्हणून दुसरं भोक वर पाडा, अशी सूचना आली. ते करता येत नाही: सप्तर्षींचा आकार एकाच बिंदूतून जुळतो. लहानांसाठी २० सेंटीमीटरची चौकी ठेवली, मोठ्यांसाठी समोर स्टूल. भोकाला रबरी वॉशर, दर तासाला स्पिरिटने पुसायचा.

बाजूची खिडकी दाराकडे होती, त्यामुळे लोक आधी तिथूनच बघत आणि मग भोकातला आकार त्यांना चकित करत नसे. पेटी फिरवून भोक दाराकडे केलं, खिडकी भिंतीच्या बाजूला, तिच्यावर काळा पडदा.

बाहेरच्या आठ बटणांपैकी एक दाबलं की त्या नावाचा तारा लुकलुकतो. भोकाला डोळा लावलेल्या माणसाला बटणांवरची नावं दिसत नाहीत. हे बदललं नाही. एक जण दाबतो, दुसरा सांगतो, आणि नाव विचारायचं काम तेच एकमेकांत करतात. लुकलुकण्याचा वेग मात्र एक सेकंद चालू, एक सेकंद बंद असा केला, आधीचा अर्ध्या सेकंदाचा कोणाच्या ध्यानात येत नव्हता.

पडद्यापाशी उभे असलेले लोक दिवसाच्या नॉबवर स्वतःच्या वाढदिवसाला जातात. तिथे सूर्य ज्या राशीत दिसतो ती बहुतेकांना सांगितलेल्या राशीहून वेगळी निघते. याचं उत्तर देणारा माणूस तिथे हवा. एका पाटीत ते मावत नाही.

७ जून: पावसाळ्याची बांधाबांध

मखमलीला बुरशी धरते. पेटीत सिलिका जेलच्या पाकिटांची अर्धा किलोची पिशवी, भोक आणि खिडकी टेपने बंद, पेटी भिंतीपासून हातभर दूर. पाकिटं निळी असेपर्यंत ठीक, गुलाबी झाली की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळी करता येतात. तो तवा नंतर स्वयंपाकाला वापरायचा नाही. विवर्तन फिल्म काढून वहीच्या पानांत ठेवली. डीएस-३२३१ चा सेल बोर्डवरच राहू द्यायचा, काढला तर ऑक्टोबरमध्ये पुन्हा चंद्र चुकेल.

मॉनिटर आणि रास्पबेरी पाय सोडून आतापर्यंतचा खर्च: पेटी ५,२०० (बाद झालेल्या एलईडींसह), नॉब आणि घड्याळ १,६५०, रंगाचा दिवा १,४००, दोनशे तारकाचक्रं २,२००. ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात. तोवर शर्मिष्ठा या तारकासमूहाची दुसरी पेटी करायला घ्यायची आहे. तिच्या मुख्य पाच ताऱ्यांची अंतरं ५५ ते काही शे प्रकाशवर्षं अशी पसरलेली असल्याने १ सेंटीमीटरचं प्रमाण चालणार नाही, ५ प्रकाशवर्षांना १ सेंटीमीटर धरून आधी पुठ्ठ्याचा नमुना कापायचा.